ऑक्टोबरातली खरड छाटणी

कुसाबाई पेठकडून आमच्या निफाडच्या द्राक्षबागेत बावीस वर्षं छाटणीला येत होती. एप्रिलमध्ये काडी बुडापासून छाटायची, ती खरड छाटणी. ऑक्टोबरात मात्र माल धरायचा म्हणून काडीवर फुटीचे डोळे राखायचे, हे मला तिनंच शिकवलेलं. आणि त्या ऑक्टोबरात तिनंच दोन ओळी बुडापासून उडवल्या. वर्षाचा माल मातीत.

मी मुळात तापट. सगळ्या मजुरांसमोर वाट्टेल ते बोललो, पिऊन आलीस का म्हणून विचारलं. ती आपली काडीकडे बघत म्हणत राहिली, बरोबर तर छाटलंय. तिची लेक मीना हिच्यासोबत तिला दुपारच्या एसटीनं घरी धाडलं.

पुढच्याच पंधरवड्यात आमचे आण्णा घराची वाट चुकले. वडीलच ते, लगेच गाडी काढून नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, आता महिना कोणता? आण्णा ठामपणे म्हणाले, "चैत्र." दिवाळी तोंडावर आली होती. मला कुसाबाई आठवली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

मीनाचा नंबर माझ्याकडे होता. पण आधी फवारण्या, मग काढणी, मग पुन्हा छाटणी. खोटं कशाला बोलू, मजूर बाईची माफी मागायची मला लाज वाटत होती. आण्णांची नाशिकची फेरी मात्र एकदाही चुकली नाही, आणि दर फेरीला गाडीची मागची सीट रिकामी असायची.

दोन वर्षांनी आण्णांच्या गोळ्या आणताना राहवलं नाही, गाडी तशीच पेठकडे वळवली. कुसाबाई ओट्यावर बसली होती. तिनं मला ओळखलं नाही. पोटच्या लेकीलाही ती "ओ बाई" म्हणत होती. पाड्यावर सगळे म्हातारपण म्हणाले, म्हणून कुणाला दाखवलं नव्हतं. मी आण्णांच्या आजाराचं सगळं सांगितलं आणि म्हणालो, आत्ताच डॉक्टरांकडे चला.

"हे तुम्हाला कवा कळलं, दादा?" मीनानं विचारलं.

"तुम्ही गेलात, त्याच पंधरवड्यात."

ती खाली वाकली. आईच्या पायात चप्पल सरकवत म्हणाली, "नुसता फोन केला असता, तरी आम्ही नेली असती. तवा ती मला नावानं हाक मारायची."