चुकीच्या बाजूची आरोळी

दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनच्या मैदानाची पायरी पुन्हा चढायची नाही, असं मोनवाबिसी म्हाताऱ्याने केव्हाच ठरवलं होतं, आणि म्हातारा हट्टाला पक्का. पण नात लुसांडा बॉर्डर प्रांताच्या मुलींच्या रग्बी संघाची कप्तान झाली. "ताता, अंतिम सामन्याला आला नाहीत तर मी तुमच्याशी बोलायचीच नाही," म्हणाली. मग कसला हट्ट नि कसलं काय.

त्याच्या तरुणपणी बॉर्डर नावाचे दोन संघ होते. एक गोऱ्यांचा, याच मैदानाच्या हिरव्यागार गवतावर खेळणारा. दुसरा काळ्यांचा, आणि त्याचा हा कप्तान. झ्वेलित्शा या काळ्यांच्या वस्तीतल्या खडीच्या मैदानावर त्याचा संघ आणि समोरचा काळ्यांचा संघ आधी मिळून दगड वेचायचे आणि मगच एकमेकांची हाडं मोडायचे. गुडघे सोलून निघायचे, तरी माणसं ट्रक भरभरून बघायला यायची. तशा जिद्दीचा खेळ आता शोधूनही सापडायचा नाही. गोऱ्यांच्या सामन्याला मात्र काळ्यांना गोलच्या खांबांमागे, जाळीआड उभं करत. तिथे रिवाज एकच: पाहुणा संघ कुठलाही असो, ओरडायचं त्याच्यासाठी.

आजही म्हातारा सवयीने खांबांमागेच जाऊन बसला. शेजारी जुना सवंगडी झामिले. खेळ सुरू झाला आणि म्हातारा हरखून गेला. लुसांडा अंगापिंडाने किरकोळ, पण तिने कमरेला मिठी मारली की भली दांडगी मुलगीही आडवी व्हायची. पडायची, उठायची, पुन्हा भिडायची. तेवढ्यात पाहुण्यांच्या एका मुलीने चेंडू रेषेपार टेकवून गुण मिळवले, आणि म्हातारा दोन्ही हात वर करून ओरडला, "शाब्बास!"

आजूबाजूचे सगळे वळून बघू लागले. मैदानातून लुसांडाही.

"भेले," झामिले त्याला कुळाच्या नावाने म्हणाला, "नात कुठल्या संघात आहे, आठवतंय ना?"

"तोंडाला सवय लागलीय रे," म्हातारा ओशाळला.

मध्यंतरात लुसांडा जाळीपाशी आली. "ताता, तुम्ही खेळायचात तेव्हा कोण ओरडायचं?"

"अख्खं झ्वेलित्शा."

"आणि माझ्यासाठी?"

उत्तराची वाट न बघता ती निघून गेली.

म्हाताऱ्याला ते जिव्हारी लागलं. या मैदानावर बॉर्डरच्या नावाने ओरडणं म्हणजे खडीवर रक्त सांडलेल्या सोबत्यांशी बेइमानी, असं तो आजवर मानत आला होता. पण आता इथे त्याचीच नात धापा टाकत होती, आणि तीही त्या सोबत्यांसारखीच खेळत होती. तो उठला. जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. आणि "बॉर्डर!" असा काही ओरडला की झामिले दचकलाच. मग तोही उठला, आणि खांबांमागचे बाकीचे म्हातारेही एकेक करून उठले. शिटी वाजेपर्यंत कुणी खाली बसलं नाही.

तरी बॉर्डर हरली, दोनच गुणांनी.

परतीच्या टॅक्सीत झामिलेने डिवचलं, "पूर्वी गोऱ्यांची बॉर्डर हरली की तू आम्हाला बिअर पाजायचास."

"गप बस," म्हातारा म्हणाला. "आज आपण हरलोय."

 डिवचणारा झामिले स्वतःही मघापासून डोळेच पुसत होता.