तळहातावरचा समुद्र

नांगरलेल्या होडीच्या ओल्या लाकडावर तळवा टेकवून, डोळे मिटून अण्णा उभे असत, आणि पाचूबंदरचा मावळता प्रकाश त्यांच्या पांढऱ्या भुवयांत काही क्षण रेंगाळत असे. अण्णा म्हणजे आमच्या वटार गावचे विख्यात कवी. लाटांची गाज आणि केळीच्या पानांची सळसळ त्यांच्या शब्दांतून इतकी जिवंत उमटे की समीक्षक त्यांना नादाचे उपासक म्हणत. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, माईंना, मी अधूनमधून गाडीतून बंदरावर नेत असे. मी बोलू लागलो की माई त्यांच्या तळहातावर हलकेच बोट फिरवत; उतारवयातली ती कोवळीक पाहून मी मनोमन हरखत असे.

त्या हिवाळी संध्याकाळी मासळीचा लिलाव रंगला होता. बर्फाचा टेम्पो उलटा मागे येत होता, हॉर्न कर्कश वाजत होता आणि अण्णा नेमके त्याच्या वाटेत निश्चल उभे होते.

"ओ बाबा, बाजूला व्हा! ऐकू येत नाय का?" एक कोळीण ओरडली.

माईंनी धावत जाऊन त्यांना ओढलं. अण्णा वळले. त्यांच्या मुद्रेवर मरणाचं भय नव्हतं. गुपित उघडं पडल्याचं होतं.

"माई, अण्णांना...?" मी विचारलं.

"नाही रे येत ऐकू. कित्येक वर्षं झाली. तू बोलतोस ते मी त्यांच्या हातावर लिहिते." माई अण्णांचा हात घट्ट धरून होत्या. "लोक कीव करत कविता वाचतील, म्हणून कुणाला सांगू देत नाहीत."

ज्या कवितांनी आम्हाला ऐकायला शिकवलं, त्या अथांग निःशब्दतेत जन्मल्या होत्या! अण्णांनी माझा हात धरून होडीवर ठेवला. भरतीचं पाणी खालून धडकत होतं आणि त्याची थरथर लाकडातून माझ्या मनगटापर्यंत चढत होती.

पुढे अण्णांच्या शोकसभेत वक्ते त्यांच्या तीक्ष्ण कानांची थोरवी गाऊ लागले, तेव्हा माई उठल्या आणि स्वच्छ स्वरात सारं सांगून मोकळ्या झाल्या. नेहमीचाच तो स्वर मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला आणि मला धक्का बसला. इतका मंजुळ तो स्वर, आणि अण्णा आयुष्याची अखेरची सारी वर्षं तो केवळ आठवणीतच ऐकत राहिले होते.