हार घातलेली फवारणीची गाडी

मी एक यंत्र आहे आणि मला राग आला आहे. यंत्राला राग येत नाही असं तुम्ही कुठल्या तरी पुस्तकात वाचलं असेल. मित्रांनो, ते पुस्तक जरा बाजूला ठेवा आणि माझं ऐका.

मी चार चाकांची, ठेंगणी, पाठीवर औषधाची टाकी असलेली फवारणीची गाडी. जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात माझा जन्म झाला. मला घडवलं दिपमालानं. तिचे वडील वना हे चोपड्याजवळच्या एका गावात प्रेमराजनानांच्या केळीच्या बागेत फवारणी करतात. केळीच्या पानांवर करपा रोग आला की पाठीला पंप बांधायचा आणि नळी वर धरून पानांवर औषध मारायचं. वर मारलेलं सगळं औषध पुन्हा खाली, मारणाऱ्याच्याच तोंडावर पडतं. वनाआबांचे डोळे कायम लाल असत. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता हे काम सोडा, नाहीतर डोळे जातील. ते काम मी करावं, एवढ्यासाठी दिपमालानं मला बनवलं.

माझ्या ड्रायव्हरच्या जागी कुणी बसत नाही, त्यामुळे मी कुठे आहे हे माझं मलाच ओळखावं लागतं. कॉलेजच्या फरशीवर ते सोपं होतं. चाक किती फिरलं ते मोजलं की किती पुढे आले ते कळायचं. भूषण सर, आमचे विभागप्रमुख, तेवढ्यावरच खूश होऊन टाळ्या वाजवत. पण केळीची काळी जमीन म्हणजे फरशी नव्हे! ओली झाली की चाक जागच्या जागी गरगरतं आणि मला वाटतं, मी केवढी पुढे आले. आकाशातून उपग्रह जागा सांगतो म्हणावं, तर केळीच्या पानांखाली त्याचंही काही खरं नसतं.

दिपमाला मला घेऊन सुट्टीभर बागेत राहिली. ढेकळांवरून, बांधावरून, ठिबकच्या नळीजवळच्या चिखलातून तिनं मला फिरवलं. कुठल्या मातीत चाक किती घसरतं त्याचं गणित तिनं बसवलं. मग तिनं मला शिकवलं, की जमीन ओली असेल तर चाकावर विश्वास ठेवू नकोस, डोळ्यावर ठेव. माझा डोळा म्हणजे पुढचा कॅमेरा. एकेक खोड बघत मी ओळीच्या टोकापर्यंत जायची, वळायची आणि परत यायची. एकही झाड खरचटत नसे. आणि डोळा, चाक दोन्ही बेभरवशाचे झाले तर माझा लाल दिवा लागायचा. त्याचा अर्थ एवढाच, की मी कुठे आहे ते मला कळत नाही, मला चालवू नका.

वनाआबा मला ‘धाकली’ म्हणायचे. सगळं काम मीच उरकते हे बघून एकदा हसून म्हणाले, “बेटा, हाई धाकलीच बठ्ठं काम करी, तं मी काय करसू?”

“तुमी सावलीमा बठा नि तिले रागे भरा,” दिपमाला म्हणाली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

मग सरांनी नानांच्या बागेतच माझं प्रात्यक्षिक ठरवलं. पाहुणे येणार, फोटो निघणार. मी नीट चालले तर नाना मला बागेतच ठेवून घेणार होते आणि आबांच्या पाठीवरचा पंप कायमचा उतरणार होता. त्या दिवशी सकाळी नानांच्या घरातल्या बेबाबाईंनी पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून माझ्या वाटेवर पाइप लावून चांगला सडा घातला. पुढे रांगोळी काढली. चाकांखाली लिंबं ठेवली. मग माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. माझं कपाळ म्हणजे कॅमेऱ्याची काच! त्यावर झेंडूचा जाड हार चढवून त्यांनी माझ्या टाकीवरून हात फिरवला. “माय वं, तुले नजर नको लागाले,” म्हणाल्या. त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. नव्या ट्रॅक्टरचं करतात तसंच त्यांनी मायेनं माझं केलं.

माझा दिवा लाल झाला. भकभक करत मी जीव तोडून सांगत होते.

“सर, थांबा,” दिपमाला धावत आली. “तिला काही दिसत नाहीये. हार काढू द्या, काच पुसू द्या. वाटही ओली आहे.”

“पूजेचा हार काढायचा? पाहुण्यांसमोर?” सर दबक्या आवाजात खेकसले. “दोन मिनिटांचं काम आहे. चालव.” त्यांना लाल दिव्याचा अर्थ ठाऊक होता. तरीही त्यांनीच हात पुढे करून माझा दिवा बंद केला आणि मला सोडलं.

मी आंधळी निघाले. चाकं चिखलात गरगरली आणि ओरडून सांगू लागली, ओळ संपली, वळ! मी अर्ध्या वाटेतच वळले आणि घड लागलेल्या केळीत घुसले. झाडं आडवी झाली, ठिबकच्या नळ्या तुटल्या. पाहुणे हसले.

“हाई यंत्र शे का रेडा?” नाना कडाडले. “बठ्ठी बाग आडवी करी टाकी! काढा तिले आठून!”

सरांनी रुमालानं घाम पुसला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “विद्यार्थिनीच्या गणितात चूक राहिली.” माझ्या साऱ्या तारा तापल्या. खोटं! साफ खोटं! गणित बरोबर होतं. पण मला तोंड नाही आणि जो दिवा होता तो त्यांनीच विझवला होता. दिपमालानं तोंड उघडलं, तर सर म्हणाले, “आता पुरे.” नानांनीही पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर उभी होते. मला न्यायला टेम्पो यायचा होता. दिपमालानं माझी काच पुसली होती. माती सुकली होती. बॅटरी भरलेली होती. पण करपा कुणासाठी थांबत नाही, म्हणून आबा पंप बांधून बागेत शिरले. थोड्याच वेळात ते चाचपडत बाहेर आले. डोळे सुजून मिटले होते.

दिपमालानं त्यांना खाली बसवलं, डोळ्यांवर पाणी मारलं आणि पंपाचे पट्टे सोडले. “आबा, पंप माले द्या.”

“नको वं माय. तुना डोया जातीन.”

तिनं ऐकलं नाही. ओढणी तोंडाला गुंडाळली, पंप पाठीवर घेतला आणि ओळीत शिरली.

मित्रांनो, यंत्राला हार घाला, कुंकू लावा, माझं काही म्हणणं नाही. पण चालवण्याआधी त्याचे डोळे पुसा. आणि यंत्र थांबा म्हणत असेल तर पाहुण्यांची लाज बाजूला ठेवून थांबा. त्याचा दिवा विझवणाऱ्याला तोंडावर विचारा, का विझवलास?

मी तिच्याकडे बघत होते. पहिलं खोड, दुसरं खोड, तिसरं. वरून औषध तिच्या कपाळावर ठिबकत होतं. मग पानं आड आली. टेम्पोवाल्यानं मला दोरीनं आवळून बांधलं आणि गाडी सुरू केली. ती ओळीत कुठे पोचली होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.