पुठ्ठ्याखालची बोटं

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे, काळ्या खडूच्या मोजक्या रेघांची. माझ्यात एक बाई आहे, पण तिला नाक-डोळे नाहीत. डोक्याच्या जागी लांबट गोल, पाठीची एक कमान, बस्स. त्या काळी असं काढणं नवीन होतं. शेजारणीने विचारलं होतं, "ही बाई आहे की सुरई?" चित्रकार हसला, त्याची बायकोही हसली. माझ्यासाठी तीच खिडकीपाशी उभी राहिली होती.

खरी गंमत माझ्या खालच्या काठावर होती. त्यांची तान्हेपण नुकतंच सरलेली लेक मध्येच रांगत आली आणि आईच्या झग्याला लोंबकळली. आई वाकली ती तिच्याकडे बघायला. चित्रकाराने लेकीला हाकललं नाही. तिची इवली बोटं तेवढी काठाशी काढली.

पुढे मी विकली गेले. फ्रेमवाल्याने रीतीप्रमाणे काचेखाली पुठ्ठ्याची रुंद पट्टी बसवली. काठावरच्या रेघा त्याला खडू घसरल्यासारख्या वाटल्या. त्या पट्टीखाली गेल्या. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

तेव्हापासून मी संग्रहालयाच्या भिंतीवर आहे. खाली पाटी लागली, 'एकाकी स्त्री'. जाणकारांनी वाखाणलं. कुणाला तिच्यात दुःख दिसलं, कुणाला थकवा. मौन हे माझं जन्माचं व्रत. मी काय बोलणार?

एकदा पिकल्या केसांची एक बाई सुनेबरोबर आली. ती चित्रकाराची लेक, असं तिने दारातच सांगितलं होतं. आई लवकर गेली, तिचं काहीच आठवत नाही, असं ती सुनेशी बोलत होती. मग पाटी वाचून हळूच म्हणाली, "अशीच असणार. आपल्यातच. माझ्याकडे कधी पाहिलं असेल का गं हिने?"

"चला आई, जरा बसा तुम्ही," सून म्हणाली.

दोघी गेल्या. त्या दिवशी देवाने मला एकच शब्द दिला असता तर!

यंदा काचेला आतून ओल धरली. दुरुस्तीच्या बाईंनी मला उघडलं, पट्टी उचलली आणि त्यांचा हात थांबला. "एकटी कुठली?" त्या पुटपुटल्या. "पोर लोंबतंय की हिला."

पाटी उतरली. लेकीकडे निरोप गेला. अजून कुणी आलेलं नाही.

मित्रांनो, जुनं चित्र चौकटीत बसवाल तेव्हा त्याचा काठ झाकू नका. कुणाचं तरी सगळं तिथेच असतं. मी दारासमोर टांगलेली आहे. ती आली, तर तिने आईचा चेहरा शोधू नये, तो नाहीच. तिने फक्त खाली पाहावं.