फिरोजाच्या खोलीतली खुर्ची

मित्रांनो, मी आगरदांड्याच्या धक्क्याजवळच्या एका लहानशा खोलीतली जुनी खुर्ची आहे. अनंता सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. उंच पाठ दिली आणि पुढे पाय ठेवायला उतरती फळी जोडली. मला करून घेतलं फिरोजाने. तिचा नवरा इसहाक कतारला नोकरीला. ती मुंबईला जाऊन रिफ्लेक्सॉलॉजी शिकून आली होती. म्हणजे तळपायाच्या ठरावीक जागा दाबून माणसाला आराम द्यायचा.

माझ्यावर पहिल्यांदा बसल्या त्या नीराबाई. मासळीची टोपली घेऊन दारोदार फिरून त्यांचे पाय ठणकायचे. फिरोजाचे हात फिरले तशा त्या डोळे मिटून म्हणाल्या, "पोरी, पाय कसं हलकं झालं गं!" मग खाडीपलीकडच्या दिघीहून फेरीबोटीनेही बायका येऊ लागल्या. येणारी प्रत्येक जण माझ्या हातांवर हात टेकून निवांत व्हायची.

एके दिवशी फिरोजाचा दीर कैस नवी पाटी रंगवून घेऊन आला. 'डॉ. फिरोजा. साखर, सांधेदुखी मुळापासून बरी.'

"अरे, मी कुठे डॉक्टर आहे?"

"भाभी, सगळेच लिहितात. नुसत्या मालिशीला कोण येतं?"

फिरोजाने मग त्याला अडवलं नाही. पाटी लागली.

नीराबाईंना मधुमेह होता. त्यांनी पाटी खरी मानली. साखरेच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या आणि कुणाला सांगितलंही नाही. पायाच्या बोटाला लागलं होतं, ते चिघळत गेलं. शेवटी अलिबागच्या इस्पितळात ते बोट कापावं लागलं.

त्यांच्या मुलीने, विनिताने, आरोग्य खात्याकडे तक्रार केली. चौकशीला एक अधिकारी बाई आल्या.

"पाय दाबून द्यायला मनाई नाही," त्या फिरोजाला म्हणाल्या. "पण वैद्यकीय पदवी नसताना नावापुढे डॉक्टर लावता येत नाही. आजार बरा करतो अशी जाहिरात करता येत नाही. आणि या व्यवसायाची नोंद कुठे केलीय?"

"नाही केली," फिरोजा म्हणाली. तिने स्वतःच्या हातांनी पाटी उतरवली आणि खोलीला कुलूप लावलं.

आत मी एकटीच राहिले. खाऱ्या हवेने माझ्यावर बुरशी चढली. बोट लागली की बाहेर पावलं वाजायची, मग पुन्हा सगळं सामसूम.

पुढे चौकशी संपली, फिरोजाला दंड झाला. तिने रीतसर नोंदणी केली आणि मला पुसून काढलं. नव्या पाटीवर एवढंच होतं: 'पायांची मालीश. हा औषधोपचार नाही.' लोक ती वाचत आणि पुढे जात. ती दारात बसायची, मी आत. दोघी रिकाम्या.

एका दुपारी नीराबाई लंगडत आल्या आणि माझ्यावर बसल्या. फिरोजाचे डोळे भरून आले.

"मावशी, गोळ्या घेताय?"

"घेतंय. आता दाब."

फिरोजाने जखमेवर बांधलेलं फडकं सोडून पाय पाहिला. "जखम ओली हाय. डॉक्टर सांगेपर्यंत मी हात लावायची न्हाय."

"मग नको लावू. बसू दे तरी. घरी कोन हाय बोलायला?"

फिरोजा त्यांच्याजवळ खाली बसली. संध्याकाळपर्यंत दुसरं कुणीच आलं नाही.

मित्रांनो, कुणाच्या हाती आपला पाय द्याल तेव्हा आधी विचारा, तुम्ही काय शिकलात? आणि तुमच्या हाती कुणी पाय दिला, तर जे येत नाही ते येत नाही म्हणा. त्या दिवशी खोली रिकामी राहिली तरी चालेल.