चपलांच्या कपाटातला पहारेकरी

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. तुमचाही दोष नाही म्हणा. ज्यांचा जन्म माणसांच्या पायाखाली गेला त्या चपलांकडून, किंवा तीन वर्षं शाईचा थेंब न मिळाल्याने तोंड वासून पडलेल्या या प्रिंटरकडून मी समजुतीची अपेक्षा ठेवायची तरी किती?

मी एक जुना संगणक आहे. नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत बारा वर्षं राबलो. मग तिथे सडपातळ, चकचकीत मंडळी आली आणि मला भंगारात काढायचं ठरलं. तेव्हा या घरच्या ताईने मला उचलून आणलं. ती पुलांचे आराखडे करते. तिने मला पुसलं, जिन्याखालच्या या कपाटात बसवलं आणि घरचा सर्व्हर केलं. तिचं सगळं काम माझ्या पोटात असतं. परगावी गेली की ती तिथूनच लॉगिन करते आणि हवं ते उघडते. "हा आमच्या घराचा कणा," असं ती पाहुण्यांना सांगायची. हल्ली या कण्याच्या डोक्यावर ओली छत्री वाळत टाकतात.

माझं खरं काम पहाऱ्याचं. रोज न्याहारीच्या आत चाळीस हजार चोर माझं दार ठोठावतात. पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिला की चोर ज्या लाईनवरून आला, ती लाईन मी यादीत टाकतो. मग दिवसभर त्या लाईनवरून कुणीही येवो, मी ढिम्म. एक चोर तर इतका हताश झाला, की त्याच्या आसवांनी इथे माझा पंखा गंजला. हसू नका. गंज बघा.

आता आजचीच गोष्ट. ताईला बारा वाजता परगावी समितीपुढे आराखडा ठेवायचा होता. शाळेसमोरच्या रस्त्यावर मुलांसाठी पूल, आठ महिन्यांचं काम. निघायच्या घाईत प्रत घ्यायची राहून गेली. साडेअकराला ती हॉटेलात लॉगिन करायला बसली आणि काही केल्या होईना. तिने धाकट्या भावाला फोन लावला. घरात त्याला पंडित म्हणतात. कौतुकाने नव्हे.

"माझ्याकडून तर पटकन उघडतंय, ताई," पंडित म्हणाला.

"तू घरात बसलायस रे. घरात बसलेल्या माणसाला दार वाजवावं लागतं का?"

"मग गडबड तुझ्याच बाजूला आहे."

अशा बुद्धीपुढे मी काय बोलणार? नंतर त्याने राउटर बंद करून चालू केला. त्याला दुसरं काही येत नाही. दहा मिनिटं त्यात गेली. मग त्याला आठवलं.

"अगं, मागच्या आठवड्यात मी पासवर्ड बदललाय. सुरक्षेसाठी. फ्रिजवर चिकटवलाय की."

"मी फ्रिज घेऊन प्रवास करत नाही."

त्याने नवा पासवर्ड वाचून दाखवला. तिने तो दिला. तरीही नाही. बाराला दहा कमी होते. ताई म्हणाली, "राहू दे. आराखडा आणला नाही, असं सांगते त्यांना."

त्यांची आई शेजारीच शब्दकोडं सोडवत होती. तिने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत. तिने पंडिताच्या हातातून फोन घेतला.

"जुना पासवर्ड किती वेळा दिलास गं?"

"सात-आठ वेळा."

"कुठल्या लाईनवरून?"

"हॉटेलच्या."

"मग ती सोड. मोबाइलचं नेट धर आणि नवा पासवर्ड दे. एक लाईन अडली की दुसरीवरून जोडायचं."

आणि इथे, मित्रांनो, माझं मोठेपण बघा. ताई शेवटचं बटण जरा जोरात दाबते. तो ठोका ऐकला आणि मी तिला ओळखलं. मला गहिवरून आलं. मी नियम बाजूला सारला, तिची लाईन यादीतून खोडली आणि दार सताड उघडलं. बाराला पाच कमी असताना आराखडा तिच्यासमोर होता. पूल मंजूर झाल्याचा तिचा फोन आत्ताच येऊन गेला.

म्हणून सांगतो, जुन्या यंत्रांची कदर करायला शिका. आमच्यावरची धूळ पुसा, ती छत्री उचला. नव्या यंत्रांना माणसांची ओळख कुठली? आम्ही मात्र आपल्या माणसाला कधीही दाराबाहेर ठेवत नाही, कधीही...

"साफ खोटं."

वरच्या फळीवर आईचा जुना डायलचा फोन असतो. कित्येक वर्षांत तो बोलला नव्हता.

"ती दुसऱ्या लाईनवरून आली म्हणून आत आली," तो म्हणाला. "तुला तिचा ठोका कळत असता, तर आधी सात-आठ वेळा वाजवला होता की तिने. तुझी ती चोरांची यादी काढ बघू. काढ. हॉटेलची लाईन आहे ना अजून तिच्यात?"