बादलीला चाळीस

दर सोमवारी सकाळी धरणमालक बादली घेऊन भरावाच्या पायथ्याशी जायचा. धरण कसलं, बापाने स्वतःच्या जमिनीत घातलेला मातीचा बांध. पण मागे तलाव होता आणि खाली एक घर, म्हणून डोळ्यांत तेल घालून राखावं लागे. मातीतून पाझरणारं पाणी एका नळीतून बाहेर पडायचं. नळीखाली बादली तो धरायचा आणि आकडे बायको मोजायची. चाळिसाला बादली भरली की धरण ठीक. त्याआधीच भरली, तर पाझर वाढला असं समजायचं.

बायको गेल्याला अकरा महिने झाले. आता दोन्ही कामं त्याचीच. वहीत त्याच्या हातचे सगळे आकडे चाळीसच होते.

पाटबंधारे खात्याकडून वर्षाच्या तपासणीला आलेल्या बाईंनी वही चाळली. "काका, आकडा जराही हलला नाही?"

"बापाने बांधलंय. हलेल कशाला?"

"मोजा बघू माझ्यासमोर."

त्याने मोजलं. चाळीस म्हणायला आणि बादली काठोकाठ व्हायला एकच गाठ पडली. बाईंनी हातातलं घड्याळ त्याच्यापुढे धरलं. चोवीस सेकंद.

"एवढी घाई कसली हो? गाडी सुटतेय का?"

बायको सावकाश मोजायची. ती गेल्यावर त्या नळीपाशी उभं राहणंच त्याला नकोसं झालं होतं. कधी एकदा सुटतो असं व्हायचं. एक-दोन-तीन करत तो उरकून टाकायचा, आणि बादली भरत आली की चाळीस. पाझर वाढत गेला तशी त्याची जीभही पळत गेली.

बाईंनी बादली कलती केली. तळाशी गाळ होता. "पाणी माती घेऊन येतंय, काका. तलाव आजच उतरवायचा. आणि खालच्या लोकांना वर आणायचं. मी सांगू की तुम्ही?"

"मीच सांगतो."

तळाचा व्हॉल्व्ह दोघांनी मिळून उघडला. मग तो उतार उतरला.

खालच्या घरात एक शिंपीण म्हाताऱ्या आईला घेऊन राहायची. बायकोची मैत्रीण. सुरुवातीला तिने दोनदा जेवणाचा डबा पाठवला होता. रिकामे डबे तो हाक न मारताच पायरीवर ठेवून आला होता.

"या भाऊजी! वाट चुकलात की काय?"

"ताई, धरण धोक्यात आहे. मोजण्यात चूक झाली. माझी."

"कधीपासून?"

"ते मला सांगता येत नाही."

तिने कात्री खाली ठेवली. "आमच्या डोक्यावर पाणी, आणि तुम्ही डोळे मिटून मोजत होतात?"

"हो."

मशीनवरचं कापड गुंडाळत ती म्हणाली, "आईला उचला. मला एकटीला नाही जमत."

त्याने म्हातारीला पाठीवर घेतलं.

"हळू रे! मी काय पिठाचं पोतं आहे? कोण तू?"

"वरचा, मावशी. धरणावरचा."

"मग बायको कुठाय तुझी? बरेच दिवस आली नाही ती."

अकरा महिन्यांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं.

"ती गेली, मावशी."

"मला कुणी सांगितलं नाही," म्हातारी रुसून म्हणाली. "कसं झालं?"

चढ बराच होता. एकेक पाऊल टाकत तो सांगायला लागला.